धारेवरची वाट आणि दरीतली माणसं

अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या वायव्य टोकाला, डेलावेअर नदीच्या खोऱ्यात वॉलपॅक सेंटर नावाचं एक गाव आहे. पांढऱ्या लाकडी फळ्यांचं चर्च, जुनी शाळा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना थोडी घरं. २०१९ च्या ऑक्टोबरात मुलगी आणि जावई मला तिथे घेऊन गेले, तेव्हा आम्हाला गावात एकही माणूस दिसला नाही. घरं पडकी नव्हती. दारं बंद होती, एवढंच.

"सरकारनं हे खोरं धरणासाठी ताब्यात घेतलं होतं, बाबा," मुलगी म्हणाली.

"मग धरण कुठंय?"

"धरण झालंच नाही."

त्या दिवशी आम्ही खरं तर निघालो होतो डोंगर चढायला. गावाच्या पूर्वेला किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्यावरून जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पायवाटांपैकी एक जाते, अ‍ॅपलेशियन ट्रेल. दक्षिणेत जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेत मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून जाणारी, सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची ही वाट बहुतेक ठिकाणी जंगलातून आणि डोंगराच्या धारेवरून जाते. झाडांच्या खोडांवर २ इंच रुंद आणि ६ इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एक मागे पडला की पुढचा शोधायचा. दुपारी आम्ही त्या पट्ट्यांमागून तासभर चाललो. माथ्यावरून खाली खोरं दिसत होतं, लाल-पिवळ्या पानांनी भरलेलं. पण माझं लक्ष त्या बंद दारांवरून हटत नव्हतं.

मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. मोजणी खात्यात ३० वर्षं नोकरी केली, सुट्टीच्या दिवशी सह्याद्री पालथा घातला आणि जे वाचलं ते स्वतःच्या हौसेनं वाचलं. माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. वॉलपॅकच्या त्या रस्त्यावर उभं राहून मला वाटलं, की या वाटेचा इतिहास आपण वाचायला हवा, आणि तो खालून, म्हणजे दरीतून वाचायला हवा. पुढच्या चार-पाच वर्षांत जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

एका विधुराची योजना

आपल्या सह्याद्रीतल्या जुन्या वाटा आठवून पाहा. नाणेघाट, वरंध, कुंभार्ली. त्या सगळ्या डोंगर ओलांडतात. कोकणातून देशावर, देशावरून कोकणात. मीठ, तांदूळ, कापड, लग्नाची वऱ्हाडं आणि सैन्य यांना पलीकडे जायचं होतं म्हणून त्या पडल्या. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आणि सातवाहनांचा शिलालेख आहे, तो या ये-जा करण्यामुळेच. डोंगराच्या धारेवरून लांबीच्या लांबी चालत जाण्याचं कुणालाच काही कारण नव्हतं. वर ना पाणी, ना बाजार.

अ‍ॅपलेशियन ट्रेल नेमकी अशी आहे. ती कुणाच्या पायांनी पडलेली नाही. एका माणसाच्या डोक्यात ती आधी आली आणि मग जमिनीवर उतरली. तो माणूस म्हणजे बेंटन मकाय. जन्म १८७९. हार्वर्डमध्ये वनशास्त्र शिकलेला, सरकारच्या वनखात्यात आणि नंतर कामगार खात्यात नोकरी केलेला. झाडांबरोबर माणसांच्या रोजगाराचाही विचार करणारा, त्यामुळे दोन्ही खात्यांत थोडासा उपराच. त्याची पत्नी जेसी स्त्रियांच्या मताधिकाराच्या आणि शांततेच्या चळवळीतली कार्यकर्ती होती. १८ एप्रिल १९२१ रोजी तिनं न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जीव दिला.

मकाय खचला. त्याचा मित्र चार्ल्स व्हिटेकर हा वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकाचा संपादक होता. त्यानं त्याला न्यू जर्सीतल्या आपल्या शेतावर नेऊन ठेवलं. तिथे त्या उन्हाळ्यात मकायनं एक टिपण लिहून काढलं. १० जुलै १९२१ रोजी जवळच्याच हडसन गिल्ड फार्मवर व्हिटेकर, वास्तुविशारद क्लॅरेन्स स्टाइन आणि मकाय असे तिघं बसले आणि ऑक्टोबरच्या अंकात मकायचा लेख छापून आला. ती जागा मुलीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. आता ती खाजगी मालकीची आहे. मी रस्त्यावरूनच पाहून आलो.

हा लेख मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून वाचला. गिर्यारोहणावर काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. निघालं वेगळंच. मकायचा प्रश्न वाटेचा नव्हताच. शहरातला माणूस कामाच्या चरकात पिळला जातो आहे, आणि डोंगराळ प्रदेश मोकळा पडला आहे, या दोन गोष्टी एकत्र कशा आणायच्या, हा त्याचा प्रश्न होता. त्यानं चार पायऱ्या सुचवल्या. आधी धारेवरून वाट. मग एकेका दिवसाच्या अंतरावर निवारे. मग वाटेच्या आसपास छोट्या वसाहती, जिथे माणसं काही आठवडे राहतील, शिकतील, विश्रांती घेतील. आणि शेवटी सहकारी तत्त्वावरची शेतं, जिथे अन्न पिकेल आणि लोकांना कायमचं काम मिळेल. लेखात एक राक्षसी उंचीचा माणूस डोंगरमाथ्यावरून चालत जातो आणि वरून सारा देश न्याहाळतो, अशी कल्पना आहे.

म्हणजे मूळ योजना डोंगरात माणसं आणण्याची होती. चार पायऱ्यांपैकी पहिल्या दोन पुऱ्या झाल्या. उरलेल्या दोन कागदावर राहिल्या. आणि त्या राक्षसाच्या नजरेला वरून एक गोष्ट दिसली नाही. दऱ्यांमध्ये माणसं आधीपासूनच राहत होती.

मोजणीचं चाक

पहिला तुकडा १९२३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर माउंटनजवळ खुला झाला. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, संघटना स्थापन झाली, आणि मग काही वर्षं काम रखडलं. त्याला गती दिली मायरन एव्हरीनं. हा मेन राज्यातला, पेशानं सागरी कायद्याचा वकील. १९३१ पासून १९५२ पर्यंत तो संघटनेचा अध्यक्ष होता. त्याच्या छायाचित्रांत त्याच्या हातात जवळजवळ नेहमी एक चाक दिसतं, सायकलचं, दांड्याला जोडलेलं आणि आकडा दाखवणारं. या चाकानं तो वाट मोजत जायचा. मोजणी खात्यातल्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल आपुलकी वाटली नसती तरच नवल. १९३६ पर्यंत त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सगळी वाट पायाखाली घातली होती. असं करणारा तो पहिलाच. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमध्ये शेवटचा दुवा जुळला आणि वाट अखंड झाली.

मकाय आणि एव्हरी यांचं मात्र तोवर फाटलं होतं. कारण होतं व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लू रिज डोंगरावरची 'स्कायलाइन ड्राइव्ह', धारेवरूनच जाणारा मोटाररस्ता. वाट जिथून जायची त्याच माथ्यावर हा रस्ता बांधला जात होता. मकायला हा विश्वासघात वाटला. मोटार पोहोचली की रान संपलं, असं त्याचं म्हणणं. एव्हरीला वाट पुरी करायची होती. सरकारी रोजगार योजनेतली तरुण मुलं वाट बाजूला सरकवून नव्यानं बांधून देत असतील, तर त्याला त्यात वावगं वाटेना. १९३५ मध्ये दोघांत कडवट पत्रं गेली आणि नंतर समेट झालाच नाही. त्याच वर्षी मकायनं इतरांबरोबर 'वाइल्डरनेस सोसायटी' स्थापन केली.

वाटेवरच्या पुस्तकांत हे भांडण रंगवून सांगितलेलं असतं: स्वप्न पाहणारा आणि काम उरकणारा. मलाही ते वाचताना मजा आली. पण ज्या डोंगरावरून हे दोघं भांडत होते, त्याच डोंगराच्या कुशीतून त्याच वर्षांत सुमारे ५०० कुटुंबं उठवली जात होती.

खिडकी मागणारी पत्रं

स्कायलाइन ड्राइव्ह ज्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानातून जाते, ते अधिकृतपणे २६ डिसेंबर १९३५ रोजी अस्तित्वात आलं. पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांपासून मोटारीनं गाठता येईल असं उद्यान हवं होतं. पण पश्चिमेसारखी मोकळी सरकारी जमीन इथे नव्हती. इथे शेतं होती, सफरचंदाच्या बागा होत्या, गिरण्या होत्या, कबरस्तानं होती. व्हर्जिनिया राज्यानं १९२८ मध्ये कायदा करून सरसकट भूसंपादनाचा मार्ग काढला. प्रत्येक मालकाशी वेगळा खटला चालवण्याची गरज उरली नाही.

जमीन घ्यायची तर ती वापरणारा माणूस कमी प्रतीचा ठरवावा लागतो. ते कामही झालं. १९३३ मध्ये इथल्या दऱ्यांतल्या लोकांवर 'हॉलो फोक' नावाचं पुस्तक निघालं. हे लोक जगापासून तुटलेले, मागासलेले, काळाच्या मागे राहिलेले आहेत, असा त्याचा सूर. त्यांचं हलाखीचं एक खरं कारण डोळ्यांसमोर होतं. अमेरिकन चेस्टनट हे या डोंगरांतलं राजवृक्षासारखं झाड. त्याची फळं विकून लोक मीठमिरचीला पैसे आणायचे, डुकरं त्यावर पोसायची, लाकूड घराला लागायचं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक परदेशी बुरशी आढळली, आणि पुढच्या चार-पाच दशकांत या डोंगररांगांतली अब्जावधी झाडं तिनं मारली. ज्यांच्या हातातून वर्षाचं पीक गेलं होतं, त्यांना आळशी म्हटलं जात होतं.

या लोकांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रं सरकारी दप्तरात राहिली. कॅटरिना पॉवेल या अभ्यासक बाईंनी १९३४ ते १९३८ या काळातली पत्रं संपादित करून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. मुलीनं ते पुस्तक मला पाठवलं. शाळा कमी झालेल्या हातांनी लिहिलेली ही पत्रं आहेत, आणि त्यातल्या मागण्या पाहिल्या की घशात काही अडकतं. माझी बाग आहे तिथली फळं उतरवून नेऊ का? सरपण तोडू का? शेजारचं घर रिकामं झालंय, त्याची खिडकी, दार, फळ्या नेऊ का, मला नव्या जागी लागतील? कालपर्यंत स्वतःच्या असलेल्या डोंगरात आता प्रत्येक गोष्टीला परवाना लागत होता. रिकामी झालेली बरीच घरं पुढे पाडली गेली, काही जाळली गेली.

माझ्या आजीचा भाऊ कोयनाकाठचं घर सोडताना दाराची सागवानी चौकट उपटून घेऊन गेला होता. ठाणे जिल्ह्यात मिळालेल्या जागेवर त्यानं आधी ती चौकट उभी केली आणि मग तिच्याभोवती घर बांधलं. लहानपणी मी ती पाहिली आहे. नव्या घराला ती फार मोठी दिसायची. शेनँडोआतली खिडकी मागणारी पत्रं वाचताना ती चौकट मला आठवत राहिली.

काही वृद्धांना मरेपर्यंत राहू दिलं गेलं. त्यांतल्या शेवटच्या, अ‍ॅनी शेंक, १९७९ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी वारल्या. त्यानंतर शेनँडोआचं रान खऱ्या अर्थानं निर्मनुष्य झालं. आज तिथे वाटेनं चालणाऱ्याला जंगलातच मध्येच दगडी बांध भेटतात, रानटी झालेली सफरचंदाची झाडं भेटतात.

आणखी एक नोंद. १९३९ मध्ये याच उद्यानात लुइस माउंटन इथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळी सोय करण्यात आली. म्हणजे इतरत्र त्यांनी थांबू नये, अशी. ही विभागणी मोडायला १९५० साल उजाडावं लागलं. सगळ्यांसाठी म्हणून मोकळा केलेला डोंगर पहिली दहाएक वर्षं सगळ्यांचा नव्हता.

धरणावरून जाणारी वाट

दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ही वाट चक्क एका धरणाच्या माथ्यावरून जाते. फाँटाना धरण, उंची ४८० फूट. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी होती, म्हणून १९४२ मध्ये काम सुरू झालं आणि रात्रंदिवस पाळ्या लावून दोन-तीन वर्षांत धरण उभं राहिलं. सुमारे १,३०० कुटुंबं हलवली गेली, हजारावर थडगी उकरून दुसरीकडे नेली गेली. उत्तर तीरावरची जमीन ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यानात गेली. तिथली बरीच कबरस्तानं मात्र जागेवरच राहिली, आणि तिकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. १९४३ च्या करारात सरकारनं शब्द दिला, की युद्ध संपलं की नवा रस्ता बांधून देऊ. थोडे मैल रस्ता झाला, एक बोगदा झाला, आणि काम थांबलं ते थांबलंच. स्थानिक लोक त्याला 'कुठेच न जाणारा रस्ता' म्हणतात. अखेर २०१० मध्ये रस्त्याऐवजी जिल्ह्याला ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचा करार झाला.

मुलीकडच्या दुसऱ्या फेरीत आम्ही तिथे गेलो. धरणाच्या भिंतीवरून चालत जाताना दोन तरुण पाठीवर बोजे घेऊन समोरून आले, हसून पुढे गेले. जवळच वाटसरूंसाठी एक प्रशस्त निवारा आहे. त्याला ते कौतुकानं 'फाँटाना हिल्टन' म्हणतात. त्याच तलावातून ठरावीक दिवशी उद्यानाच्या होड्या जुन्या कुटुंबांना पलीकडे घेऊन जातात. मंडळी कबरी साफ करतात, फुलं वाहतात, बरोबर आणलेलं जेवतात आणि परत येतात.

वासोट्याला जाण्यासाठी बामणोलीहून लाँच पकडणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आपणही वनखात्याची पावती फाडून, पाण्याखालच्या गावांवरून जाऊन गड चढतो आणि संध्याकाळच्या आत परततो. कोयनेची माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली. उरलेल्या रानाचं १९८५ मध्ये अभयारण्य झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प. मी स्वतः वासोट्याला सात वेळा गेलो आहे. पहिल्या सहा वेळा लाँचमध्ये बसून मी समोरच्या डोंगराचे फोटो काढले. खाली काय आहे हे माहीत असूनही.

न झालेलं धरण

आता वॉलपॅककडे परत येतो. १९५५ च्या ऑगस्टमध्ये दोन वादळं लागोपाठ आली आणि डेलावेअरला भयंकर पूर आला. त्यावर उपाय म्हणून टॉक्स आयलंड या बेटाजवळ धरण बांधायला १९६२ मध्ये मंजुरी मिळाली. खोऱ्यातली हजारो माणसं उठवण्यात आली. घरं घेतली, बरीच पाडली. मग खर्च वाढत गेला, विरोध वाढला, तलावाच्या पाण्याबद्दल शंका आल्या, आणि १९७५ मध्ये संबंधित राज्यांच्या आयोगानं धरणाच्या विरोधात मत दिलं. १९७८ मध्ये नदीच्या त्या पट्ट्याला कायद्यानं संरक्षण मिळालं. नदी वाचली. माणसं मात्र परत आली नाहीत. जमीन मनोरंजन क्षेत्राकडे गेली. किटाटिनीच्या माथ्यावरून आज जे निर्मनुष्य, सुंदर खोरं दिसतं, ते असं तयार झालं आहे.

इथे एक पथ्य पाळायला हवं. या वाटेनं माणसं उठवली, असं मी म्हणत नाही. उद्यानांनी उठवली, धरणांनी उठवली. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८३८ मध्ये, याच डोंगरांतून चेरोकी लोकांना सैन्यानं हुसकावून पश्चिमेला चालवत नेलं, आणि वाटेत हजारो मेले. वाटेवरचं सर्वांत उंच शिखर दीर्घकाळ एका सेनाधिकाऱ्याच्या नावानं ओळखलं जायचं. २०२४ मध्ये त्याला 'कुवोही' हे चेरोकी नाव परत मिळालं. १९६८ च्या कायद्यानं वाटेला राष्ट्रीय दर्जा दिला, आणि तिच्यासाठी लागलेली जमीनही पुढे सरकारनं काही ठिकाणी मालकांच्या मनाविरुद्ध घेतली, पण ती तुलनेनं थोडी. बाकी ही वाट हजारो स्वयंसेवकांनी फावडी-कुऱ्हाडी घेऊन राखली आहे, आणि तिनं माणसांना दिलंही पुष्कळ. १९४८ मध्ये अर्ल शेफर हा युद्धात जिवलग मित्र गमावलेला सैनिक १२४ दिवसांत ती एका दमात चालून गेला. १९५५ मध्ये एमा गेटवुड ही ६७ वर्षांची, ११ मुलांची आई, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटलेली बाई, पायात कापडी बूट आणि खांद्यावर हातानं शिवलेली पिशवी घेऊन निघाली. फिरायला जाते, एवढंच घरी सांगून. ती चालून गेली, आणि पुन्हाही गेली. रात्रीच्या आसऱ्यासाठी तिनं अनेकदा डोंगरातल्याच घरांची दारं ठोठावली. अशी घरं जिथे उरली होती, तिथे.

आपल्याकडे सह्याद्रीच्या धारेवरूनही अशी सलग वाट आखावी, असं ट्रेकर मंडळींत अधूनमधून बोललं जातं. मलाही ती हवी आहे. गुडघे साथ देतील तोवर मी तिच्यावर चालेन. पण खोडांवर पट्टे रंगवण्याआधी, ती ज्या ज्या दऱ्यांच्या वरून जाणार आहे, तिथल्या उठलेल्या गावांची आणि वाड्यांची यादी कुणीतरी करायला हवी. नुसती नावं नकोत. विहीर कुठे होती, देवराई कुठे, जळण कुठून आणायचे, पलीकडच्या बाजाराला कोणती वाट जायची, हे सगळं हवं. सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

जुने गावनकाशे मला वाचता येतात. नोकरीनं तेवढं दिलं आहे. गेल्या वर्षीपासून कोयनेच्या वरच्या खोऱ्याचे नकाशे घेऊन मी विखुरलेल्या कुटुंबांकडे जातो आहे. आतापर्यंत १४ वाड्यांच्या नोंदी झाल्या. आजीच्या माहेरची नोंद अजून अपुरी आहे. तिच्या भावाच्या सुनेनं मला सांगितलं, की नदीवर उतरायची वाट घराच्या डाव्या हातानं होती. नकाशात ती उजव्या बाजूला दाखवली आहे. यातलं खरं काय, ते सांगू शकेल अशी एक बाई पनवेलजवळ राहते, असं कळलं आहे. दिवाळी झाली की तिकडे जायचं आहे.